किल्लीचा प्रवास

कुलूप कितीही भक्कम असो, त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोचवायची कशी? गुप्त लिपीच्या इतिहासात हा प्रश्न शतकानुशतके ठाण मांडून बसला होता. निरोप पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच किल्ली हवी. ती आधी विश्वासू माणसाबरोबर धाडावी लागे. तो माणूस पकडला गेला, की सगळेच संपले!

१९७० साली ब्रिटनच्या जीसीएचक्यू या सरकारी गुप्तवार्ता संस्थेतील जेम्स एलिस यांनी दाखवून दिले, की किल्ली न पाठवताही गुप्त निरोप पाठवणे शक्य आहे. १९७३ मध्ये त्यांचे तरुण सहकारी क्लिफर्ड कॉक्स यांनी त्यासाठी गणिती रीत शोधली. हे काम १९९७ पर्यंत गुप्तच राहिले. ते जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी एलिस यांचे निधन झाले. दरम्यान अमेरिकेत डिफी व हेलमन यांनी १९७६ साली आणि रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ साली स्वतंत्रपणे हीच वाट काढली.

कल्पना अशी : आपण आपली उघडी कुलुपे जगाला वाटायची. ती कोणीही लावावीत. उघडणारी किल्ली मात्र आपल्यापाशीच. यामागचे गणित वर्गातही दाखवता येईल. ६१ × ५३ = ३२३३ हा गुणाकार सोपा; पण फक्त ३२३३ देऊन अवयव पाडायला सांगा. मग संख्या शेकडो अंकी असेल तर?

१९९० च्या दशकाच्या मध्यास ही युक्ती संकेतस्थळांवर आली. संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, दोन वस्तू असतात : प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली. ‘हे कुलूप याच संकेतस्थळाचे’ अशी ग्वाही प्रमाणपत्र देते. ते सर्वांना दाखवण्यासाठीच असते. खासगी किल्ली ज्याच्या हाती पडेल, तो मात्र त्या संकेतस्थळाचे सोंग घेऊ शकतो.

सर्व्हर बदलताना या दोन्ही वस्तू एका फाइलीत बांधून, पासवर्ड लावून नव्या यंत्रावर नेता येतात. पण तो पासवर्ड कसा पाठवायचा? जुनाच प्रश्न पुन्हा दारात! निदान तो फाइलीबरोबर तरी पाठवू नये. शिवाय किल्लीची एक प्रत जुन्या यंत्रावर उरतेच.

२०१८ साली ट्रस्टिको या विक्रेत्या कंपनीने ग्राहकांच्या सुमारे २३,००० खासगी किल्ल्या डिजिसर्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीला चक्क ई-मेलने धाडल्या. ती सर्व प्रमाणपत्रे रद्द करावी लागली.

मग उपाय काय? किल्ली हलवूच नये. नव्या यंत्रावर नवी किल्ली घडवावी आणि तिच्यासाठी नवे प्रमाणपत्र मागवावे. पूर्वी त्याला पैसे व वेळ लागे, म्हणून लोक जुनीच किल्ली वाहून नेत. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सेवा सर्वांना खुली झाली आणि प्रमाणपत्रे विनामूल्य, आपोआप मिळू लागली. जुनी किल्ली नेण्याचे ते कारण आता उरलेले नाही.

एलिस यांनी किल्लीचा प्रवास थांबवता येतो हे दाखवले. सोयीसाठी तो आपणच पुन्हा सुरू करू नये, एवढेच.