बैकल सरोवर : परिसरातील सहली

बैकल सरोवर हे दक्षिण सायबेरियात, रशियाच्या इर्कुट्स्क प्रांत व बुऱ्यात प्रजासत्ताक यांच्या हद्दींत विभागलेले, जगातील सर्वांत खोल व सर्वांत प्राचीन असे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे ६३६ किमी., कमाल रुंदी सुमारे ७९ किमी., कमाल खोली १,६४२ मी.; जलपृष्ठाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४५६ मी. भूकवच दुभंगून खचलेल्या दरीत सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी ते अस्तित्वात येऊ लागले, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पंचमांश साठा आज त्याच्या एकट्याच्या उदरात आहे. सेलेंगा, बार्गुझिन, ऊर्ध्व अंगारा आदी शेकडो नद्या-ओढे त्यात येऊन मिळतात, परंतु त्यातून बाहेर पडणारी नदी एकच, ती अंगारा. १९९६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

नकाशावर निळ्या कोयरीसारखे दिसणारे हे सरोवर दोन-तीन दिवसांत सहज पाहून होईल, अशा समजुतीने येणाऱ्या प्रवाशाचा बेत बहुधा पहिल्याच दिवशी कोलमडतो. डहाणूपासून रेडीपर्यंतच्या महाराष्ट्राच्या समग्र किनाऱ्याहून बैकलची लांबी थोडीशीच कमी आहे, त्याला वळसा घालणारा सलग रस्ता नाही, आणि उत्तरेकडील किनाऱ्याचा बराचसा भाग केवळ नावेने किंवा पायीच गाठता येतो. म्हणून येथील सहलींची तजवीज करताना प्रथम किनारा, मग मोसम व त्यानंतर स्थळ असा क्रम ठेवावा. जो आधी स्थळांची यादी करतो आणि मग दिवस मोजू लागतो, त्याचा निम्मा काळ मोटारीत जातो.

पश्चिम किनाऱ्यावरील सहलींचे ठाणे म्हणजे इर्कुट्स्क शहर. १६६१ मध्ये कोसॅक शिपायांनी उभारलेल्या गढीभोवती ते वाढले, आणि पुढे चहाच्या व्यापाराने व हद्दपारीच्या शिक्षेवर पाठविलेल्या सुशिक्षित कैद्यांच्या वास्तव्याने त्याला वैभव व संस्कृती ही दोन्ही लाभली. येथून सुमारे ७० किमी.वरील लिस्तव्यांका हे सरोवराकाठचे गाव एका दिवसात जाऊन-येऊन पाहण्याजोगे आहे. वाटेत ४७व्या किलोमीटरवर ताल्त्सी येथील उघड्यावरचे संग्रहालय लागते. अंगारेवरील धरणांच्या जलाशयांखाली गेलेल्या गावांतून हलविलेली लाकडी घरे, देवळे आणि इलिम्स्क गढीचा सतराव्या शतकातील बुरूज तेथे जतन करून ठेवला आहे. दोन तास तरी तेथे द्यावेत. लिस्तव्यांकाच्या संग्रहालयात नेर्पा हा केवळ गोड्या पाण्यात राहणारा सील पाहावयास मिळतो. गावालगतच्या चेर्स्की शिळेवरून सरोवर आणि अंगारेचे उगमस्थान एकाच दृष्टिक्षेपात येतात. उगमाच्या मध्यभागी पाण्याबाहेर डोकावणारा खडक हा शामान खडक होय. येनिसेई नदीच्या ओढीने घर सोडून निघालेल्या अंगारा या आपल्या कन्येवर क्रुद्ध बैकलाने तो भिरकावला, अशी स्थानिक आख्यायिका आहे. १९५०च्या दशकात इर्कुट्स्कचे धरण होऊन सरोवराची पातळी वाढल्यापासून मात्र त्याचे केवळ टोक दिसते. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी लिस्तव्यांकाच्या बाजारात इतकी दाटी होते की, सरोवर पाहावयास आलेला मनुष्य माणसेच पाहून परततो. आठवड्याच्या मधला वार निवडावा.

अंगारेच्या उगमापलीकडे, लिस्तव्यांकाच्या समोरच, पोर्ट बैकल हे बंदर आहे आणि तेथून नैर्ऋत्येस स्ल्यूद्यांकापर्यंत परिबैकल रेल्वेमार्ग जातो. सायबेरियाच्या पार जाणाऱ्या लोहमार्गाचा हा तुकडा सर्वांत दुर्घट होता. कडे सरळ पाण्यात उतरत असल्यामुळे मार्ग बांधून होईपर्यंत सरोवराच्या दोन तीरांवरील रुळांना जोडण्याचे काम ‘बैकल’ व ‘अंगारा’ या बर्फभेदी जहाजांकडे होते. ती इंग्लंडात तयार होऊन, सुट्या भागांच्या रूपाने येथे आणून जोडण्यात आली होती. १९०४च्या हिवाळ्यात, जपानशी युद्ध जुंपलेले असताना, गोठलेल्या सरोवरावरच रूळ टाकून वाघिणी घोड्यांकरवी ओढून नेण्यात आल्या. त्याच वर्षी कड्यांच्या पायथ्याने खोदलेल्या मार्गावरून गाड्या धावू लागल्या, आणि सुमारे ८५ किमी. अंतरात तिशीहून अधिक बोगदे, असंख्य पूल आणि दगडी आधारभिंती उभ्या राहिल्या. पुढे धरणाच्या पाण्याखाली इर्कुट्स्क ते पोर्ट बैकल हा दुवा गेला, मुख्य वाहतूक डोंगरावरील नव्या मार्गाने वळली, आणि हा तुकडा आडबाजूस पडून राहिला. त्याचे आजचे सौंदर्य हे या उपेक्षेचेच फळ आहे, असे म्हणावयास हरकत नाही. उन्हाळ्यात इर्कुट्स्कहून निघणारी प्रवासी गाडी दिवसभर ठिकठिकाणी थांबत या मार्गाने जाते. हाती एकच दिवस असलेल्याने अन्य मोह सोडून हीच सहल पत्करावी. स्ल्यूद्यांका येथील स्थानक स्थानिक संगमरवराचे बांधलेले आहे. पायी चालण्याची हौस असणाऱ्याने रेल्वेमार्गाचा एखादाच टप्पा चालावा, पण गाडीचे व पोर्ट बैकलहून परतणाऱ्या नावेचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे; नावेच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि चुकलेल्या प्रवाशाला मुक्कामच करावा लागतो.

लिस्तव्यांकाच्या ईशान्येस सुमारे २० किमी.वर, मोटाररस्ता नसलेले बोल्शिये कोती हे गाव आहे. तेथवरची पाऊलवाट कधी पाइन-भूर्जांच्या रानातून, कधी पाण्यावर झुकलेल्या कड्याच्या कडेने जाते. सकाळी चालत जाऊन संध्याकाळी नावेने परतावे. उलट क्रम धरल्यास दमलेल्या पायांनी अरुंद कडा ओलांडण्याचा प्रसंग येतो. मे-जूनमध्ये येथील रानातील गोचिडांपासून मेंदूज्वराचे भय असते, त्यामुळे अंगभर कपडे घालणे आणि परतल्यावर शरीर तपासणे आवश्यक आहे. आणखी उत्तरेस पेस्चानाया उपसागर असून, वाऱ्याने मुळांखालची वाळू उडून गेल्याने खांबांवर उभी असल्यासारखी दिसणारी झाडे हे तेथील वैशिष्ट्य होय.

ओल्खोन हे सरोवरातील सर्वांत मोठे बेट. त्याची लांबी सत्तर किमी.हून किंचित अधिक आहे. इर्कुट्स्कहून साख्युर्ता गाव, तेथून तरीने सामुद्रधुनी ओलांडणे व पुढे कच्च्या रस्त्याने खुझिर, असा हा प्रवास करण्यातच दिवसाचा मोठा भाग सरतो; त्यामुळे ओल्खोनची एका दिवसाची सहल ही केवळ जाहिरातीतील गोष्ट समजावी. दोन रात्री राहिल्यास पहिला दिवस खुझिरजवळील बुर्खान भूशिराला आणि दुसरा दिवस उत्तर टोकाच्या खोबोय भूशिराला देता येतो. बुर्खान येथील जोडखडक बुऱ्यात लोकांस परमपवित्र असून, तेथील खांबांना बांधलेल्या रंगीत फिती काढू नयेत व खडकावर चढू नये. सामुद्रधुनीच्या पश्चिमेकडील दरीतून सुटणारा सार्मा नावाचा वारा येथील नाविकांना सर्वांत भयंकर वाटतो. शरद ऋतूत त्याचा जोर वाढतो, आणि तो उठला की तरीच्या फेऱ्या बंद ठेवतात. परतीचे विमान ओल्खोनहून निघण्याच्याच दिवशी ठेवणारा प्रवासी म्हणून धाडसी नव्हे, अविचारी ठरतो.

मोसमाविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. जुलैचा उत्तरार्ध व ऑगस्ट हा जलप्रवासाचा काळ. त्याआधी धुके आणि नंतर वादळे यांचा उपद्रव होतो. ऐन उन्हाळ्यातही खुल्या सरोवराचे पाणी इतके थंड असते की त्यात फार वेळ पोहणे अशक्य व्हावे; किनाऱ्यावरची हवाही इर्कुट्स्कहून गार असते. सरोवर जानेवारीत गोठते व मे महिन्यात मोकळे होते. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात पारदर्शक, भेगांनी चिरलेल्या निळसर बर्फावरून मोटारी धावतात. ओल्खोनला जाणारी बर्फावरची अधिकृत वाट दरसाल तपासणी करून खुली करण्यात येते. तिच्यावरून जाताना आसनपट्टे सोडून ठेवण्याची रीत आहे, कारण बर्फ फुटल्यास क्षणार्धात बाहेर पडता यावे. अधिकृत वाटेबाहेर भाड्याच्या मोटारीने जाऊ नये, मग चालक कितीही अनुभवी असो.

खाद्यपदार्थांत ओमूल हा धुरावलेला मासा प्रसिद्ध असला, तरी त्याची संख्या रोडावल्यामुळे २०१७ पासून व्यावसायिक मासेमारीवर बंदी घालण्यात आली. सरोवरातील उश्कानी बेटांवर उन्हात पहुडलेले सील मोकळ्या निसर्गात पाहावयाचे असल्यास झाबैकल राष्ट्रीय उद्यानाच्या दप्तराचा परवाना आगाऊ मिळवावा लागतो.

पूर्व किनाऱ्याचे ठाणे उलान-उदे हे शहर आहे. तेथून इवोल्गिन्स्कचा, १९४५ मध्ये स्थापन झालेला, बौद्ध मठ अर्ध्या दिवसात पाहून होतो. बार्गुझिन खोऱ्याची सहल मात्र काही दिवसांची मुदत ठेवूनच आखावी. इर्कुट्स्कहून उलान-उदेला जाणारी रेल्वे स्ल्यूद्यांकानंतर सुमारे दोनशे किमी. सरोवराच्या काठाने धावते. या प्रवासासाठी दिवसाची गाडी निवडावी व पूर्वेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी.