‘पाणी’ शोधावे तर ‘पाण्यात’ सापडत नाही: ईमेल-शोधाचा इतिहास

भारतातील शैक्षणिक संगणक-जाळ्याची, अर्थात ‘अर्नेट’ची, पायाभरणी १९८६ साली झाली. पुढील एक-दोन वर्षांत मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि आयआयटी मुंबई यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ईमेलची ये-जा सुरू झाली. तेव्हा चिंता होती ती पत्र पोहोचण्याची. जुने पत्र पुन्हा हुडकण्याची अडचण पत्रांचा डोंगर साचल्यावर आली.

युनिक्स संगणकावर त्यासाठी हाताशी होती ‘ग्रेप’ ही आज्ञा. केन थॉम्पसन यांनी ती १९७३च्या सुमारास लिहिली. फाइलमधील प्रत्येक ओळ वाचायची आणि दिलेला नमुना जुळला की ती ओळ दाखवायची, एवढेच तिचे काम. साध्या इंग्रजी टपालासाठी ते पुरेसे होते. देवनागरी पत्र मात्र प्रवासाकरिता बहुधा ‘बेस६४’ या सांकेतिक रूपात गुंडाळले जाते. अशा कच्च्या फाइलमध्ये ‘प्रयोग’ हा शब्द ग्रेपला दिसतच नाही, कारण तिथे ती अक्षरे नसतातच!

दुसरा मार्ग ग्रंथालयाच्या परंपरेतून आला. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशी साऱ्या टपालाची सूची एकदाच तयार करायची आणि मग प्रश्न त्या सूचीला विचारायचा. केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांनी १९८०च्या दशकात ‘मस्कॅट’ ही शोधप्रणाली रचली. तिच्या वंशातून ‘झेपियन’ हे मुक्त सॉफ्टवेअर आले आणि त्याच्या आधारावर २००९ साली कार्ल वर्थ यांनी ‘नॉटमच’ हे आज्ञा-ओळीवरचे साधन उभारले. ते पत्र उलगडून वाचते, मग सूचीत घेते. ‘फ्रॉम:’पुढे प्रेषक, ‘डेट:’पुढे कालखंड, ‘सब्जेक्ट:’पुढे विषय आणि मध्ये ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ ही उभयान्वये लिहिली, की लाखो पत्रांतून हवी ती क्षणात पुढे येतात. रंगनाथन यांच्या १९३३च्या द्विबिंदू वर्गीकरणाची इथे आठवण होते. या दोहोंत ऐतिहासिक नाते नाही. पण विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडण्याची दृष्टी सारखीच आहे.

खरी मेख सूचीत शिरणाऱ्या शब्दांपाशी आहे. पोर्टर यांनीच १९८० साली प्रत्यय छाटण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे ‘कनेक्ट’, ‘कनेक्टेड’, ‘कनेक्शन’ हे एकाच मुळाशी येतात. ही रीत इंग्रजीची, आणि नॉटमचमध्ये इंग्रजीचीच छाटणी गृहीत धरलेली आहे. परिणामी मराठी पत्रांत ‘प्रयोग’ शोधल्यास ‘प्रयोगाचे’, ‘प्रयोगात’, ‘प्रयोगांनी’ ही रूपे हाती लागत नाहीत. शब्दापुढे तारांकन देऊन ‘प्रयोग*’ असे लिहिल्यास ती मिळतात. परंतु मराठीत सामान्यरूप होताना शब्दाचा शेवटच बदलतो. ‘पाणी*’ असे विचारले तर ‘पाण्यात’ निसटते. ‘पाण*’ विचारले तर पाण्यासोबत पाणबुडीही वर येते. विभक्तीने समृद्ध भाषेची ही गंमत शोधणाऱ्यास चांगलीच महागात पडते.

हिंदीसाठी या दिशेने पहिल्या ठोस प्रयत्नांपैकी एक त्याच एनसीएसटीत झाला, हा सुखद योगायोग. अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी २००३ साली हिंदीसाठी हलकीफुलकी छाटणी-रीत मांडली: ६५ प्रत्ययांची यादी, आणि शब्दाच्या शेवटी जुळणारा सर्वांत लांब प्रत्यय काढून टाकायचा. शब्दकोश नाही, व्याकरणाचे अवडंबर नाही. पोर्टर यांनी अशा रीती लिहिण्यासाठी घडवलेल्या ‘स्नोबॉल’ या संग्रहात २०१९ साली हिंदीची जी रीत आली, ती याच शोधनिबंधावर आधारलेली आहे.

मराठीसाठी नुसती प्रत्ययांची यादी पुरणार नाही. ‘पाण्यात’मधील ‘त’ काढल्यावर उरलेल्या ‘पाण्या’पासून ‘पाणी’ कसे गाठायचे, याचाही नियम लिहावा लागतो. तोवर मराठी टपाल धुंडाळणाऱ्याने ‘पाणी ऑर पाण्या*’ अशी दोन्ही रूपे स्वतःच लिहावीत. पाणबुडी तेवढी टळते.