भर पावसातला बाण

उजवीकडे वळा. पुढे आलेल्या त्या कड्याखाली धूर दिसतोय, तिथे बसायला कोरडी जागा आहे. पाऊस काल रात्रीपासून लागलाय. जोर नाही, पण खळही नाही. इसवी सनापूर्वी 3200 च्या आसपासची ही वसंतातली सकाळ आहे आणि तुम्ही आल्प्सच्या दक्षिण उतारावर, आजच्या इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळच्या श्नाल्स दरीच्या वर आला आहात. लार्चच्या फांद्या निथळतायत. तुमचे पाय गारठलेत. कड्याखाली बसलेल्या माणसाचे तेवढे नाहीत, कारण त्याच्या जोड्यांत सुकं गवत भरलेलं आहे.

तो तुमच्याकडे एकदा बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. वय पंचेचाळीसच्या घरात, उंची जेमतेम 160 सेंटिमीटर, अंगावर कोळशाने गोंदलेल्या बारीक समांतर रेघा, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी. बाजूला तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड पडलीय. त्याची भाषा तुम्हाला कळणार नाही. तेव्हा त्याचे हात बघा. लवकरच उजव्या हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, खोल जखम होणार आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत वरच्या खिंडीजवळ पाठीमागून सुटलेला एक बाण त्याच्या डाव्या खांद्यात शिरेल. आज हात धड आहेत, आणि शिकारीला जायचं तर आयबेक्स, म्हणजे इथली रानबकरी, पाऊस थांबायची वाट बघत नाही.

त्याच्या मांडीवर व्हायबर्नमच्या झुडपाची सरळ, सोललेली काठी आहे, हातभरापेक्षा बरीच लांब. एका टोकाला गारगोटीचं पातं, दुसऱ्या टोकाला दोरीसाठी खाच. खाचेच्या अलीकडे पिसारा बसवायचा. तुम्हाला आम्हाला बाण म्हटलं की टोक आठवतं. हा माणूस मात्र सगळा जीव शेपटाकडे लावतो, आणि माझ्या मते त्याचंच बरोबर आहे. टोक जनावराला लागतं खरं, पण ते जनावरापर्यंत नीट नेतो पिसारा. धनुष्यातून सुटताना काठी वाकते, डुलते. शेपटाकडची पिसं हवेला अडतात आणि तिला ताळ्यावर आणतात. पिसं भिजून काठीला चिकटली की हवा अडवायला काही उरत नाही. मग बाण भरकटतो, आडवा लागतो, आणि जखमी जनावर धुक्यात हरवून जातं.

आता त्याने पंखाचं लांब पीस घेतलं. दांडा मधोमध चिरला, आतला मऊ भाग खरवडला. असे तीन तुकडे, तिन्ही एकाच बाजूच्या पंखाचे. डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांचा बाक उलटा असतो. ती एकत्र केली तर बाणाला एकीकडे वळायचं की दुसरीकडे हेच कळत नाही.

निखाऱ्याजवळ ठेवलेला तो काळा गोळा हुंगा. धुराचा, जळक्या कातड्यासारखा वास येईल. हे भूर्जाचं डांबर. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच भूर्जाचा हा युरोपातला भाऊबंद. साल पुरेशी हवा न देता तापवली की ती पेटून राख होण्याऐवजी हा काळा चिकट पदार्थ सोडते. गार झाला की कडक, ऊब लागली की मऊ. माणसं तो चघळतसुद्धा. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या अशाच 5,700 वर्षांपूर्वीच्या एका गोळ्यातून तो चघळणाऱ्या मुलीचा डीएनए मिळाला आहे. पण आज त्याचा एकच गुण आपल्या कामाचा: पाण्याने तो विरघळत नाही. कातडी आणि हाडं उकळून केलेला सरस लाकडाला घट्ट धरतो, पण ओल लागली की फुगतो, सैल पडतो. पावसात त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्याची पिसं वाटेतच गळून पडतील.

काठीच्या शेपटावर तो डांबराचा पातळ थर देतो. तीन पिसं सारख्या अंतरावर उभी करतो, अंगठ्याने दाबतो. मग बारीक दोरा घेऊन शेपटापासून पुढे गोल गोल गुंडाळत नेतो. प्रत्येक वेढा पिसाच्या तंतूंमधून वाट काढत जातो. एकही तंतू दोऱ्याखाली दबलेला नाही. जवळ जाऊन बघा, दबलेला तंतू तो नखाने सोडवतोय. घाई दिसत नाही, पण हात थांबतही नाही.

तयार बाण त्याने तुमच्या हातात दिला. बाहेर धरा. पहिले थेंब पिसावरून मोत्यांसारखे ओघळतील. पिसाच्या तंतूंना अतिशय बारीक फाटे असतात, त्यांना आकडे असतात, आणि ते एकमेकांत अडकून घट्ट पातं बनतं. मधे हवा अडकते, पाणी आत जात नाही. पक्षी वर शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीने लावत राहतो. कापलेल्या पिसाला ते तेल पुन्हा मिळत नाही. म्हणून थोडा वेळ धरून ठेवलंत की आकडे सुटतात, तंतूंच्या जुड्या होतात, पिसारा केविलवाणा दिसायला लागतो. चरबी चोपडावी असं तुमच्या मनात येईल. बोटाला लागलेली पुसट चरबी ठीक. जास्त झाली तर तीच तंतूंना एकमेकांना चिकटवते आणि पावसाचं काम पावसाआधी करून टाकते.

त्याने बाण परत घेतला. जोरात झटकला. निखाऱ्यांच्या धगीवर, जळणार नाही इतक्या उंचीवर धरून फिरवला. मग दोन बोटांच्या चिमटीतून एकेक पीस बुडाकडून कडेकडे सारलं, पक्षी चोचीने करतो तसं. आकडे पुन्हा अडकले, पिसं ताठ झाली. डांबर आणि दोरा जागेवरच.

यातच त्याची सगळी विद्या आहे. पीस भिजणारच, हे त्याने मान्य केलंय. ते सुटता कामा नये आणि पुन्हा उभं राहिलं पाहिजे, एवढ्याच दोन गोष्टींवर त्याने मेहनत घेतलीय. उरलेलं काम भात्याचं. रो जातीच्या हरणाच्या कातड्याचा लांबट, अरुंद भाता, हेझलच्या काठीने ताठ ठेवलेला, तोंडावर झाकण. जनावराच्या कंडरांच्या तंतूंची वळलेली दोरीही त्यातच. बाण वेळ आल्यावरच बाहेर निघेल.

आजचे शिकारी प्लास्टिकचे पिसारे लावतात, नाहीतर खऱ्या पिसांवर पाणी झटकणारी सिलिकाची भुकटी टाकतात. भुकटी उत्तम, कारण ती तंतू चिकटवत नाही. पण पिसाखालचा चिकटवा कच्चा असेल तर तिचाही उपयोग नाही.

हा माणूस 19 सप्टेंबर 1991 रोजी 3,210 मीटर उंचीवर बर्फात सापडला. जग त्याला ओत्झी म्हणतं. भात्यात 14 काठ्या होत्या, त्यांतल्या दोनच पूर्ण झालेल्या, त्याही मोडलेल्या. बोल्झानोच्या संग्रहालयात गेलात तर सगळे कुऱ्हाडीसमोर गर्दी करतील. तुम्ही बाणांचं शेपूट बघा. त्यावरचं डांबर, दोरा आणि पिसाऱ्याचे अवशेष पाच हजार वर्षांनंतरही टिकून आहेत.