कानात बसलेला आवाज

हेडफोनच्या शौकिनांची एक गंमत आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. नवा, महागडा हेडफोन घ्यावा, चार दिवस त्याचे कौतुक करावे आणि पाचव्या दिवशी पुन्हा जुन्याच्याच वायरीचा गुंता सोडवत बसावे. नव्यात खर्ज अधिक आहे, बारकावे अधिक कळतात, हे ते स्वतःच कबूल करतात. तरीही गाणे मात्र जुन्यातच ऐकावेसे वाटते, असे म्हणतात. कोणी याला नाद म्हणेल, कोणी जुन्याची ओढ. आम्हाला मात्र त्यात विज्ञानातला एक जुना वाद दिसतो. माणसाला एखादा आवाज आवडतो तो चांगला असतो म्हणून, की तो कानात बसलेला असतो म्हणून? हा वाद पेटला रेडिओवरून, आणि त्याची पूर्वपीठिका समजून घ्यायला ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही गावे फार सोयीची आहेत.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती, आणि कार्यक्रम नीट ऐकू येण्याची मर्यादा सुमारे ४८ किलोमीटर. शिक्षकांनी नकाशा काढून बोरीबंदरावर कर्कटकाचे टोक ठेवावे आणि या अंतराचे वर्तुळ काढावे. सरळ रेषेत ठाणे सुमारे ३१ किलोमीटरवर येते, डोंबिवली ४० आणि कल्याण ४५ किलोमीटरवर. म्हणजे ठाणे वर्तुळात सुखाने बसते आणि कल्याण अगदी काठावर लोंबकळते. त्यात भर म्हणजे आगगाडी. विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली होती, आणि पुढे काही वर्षांतच कल्याणपर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या. तारेशी गाडीचा संपर्क क्षणभर तुटून ठिणगी उडाली की रेडिओलहरीही निर्माण होतात. रुळालगतच्या घरात गाण्याबरोबर ही खरखर फुकट मिळणार, हे ओघानेच आले.

त्या काळचा सर्वांत स्वस्त रेडिओ म्हणजे स्फटिक संच. त्याला ना बॅटरी, ना विजेची जोडणी. लांबलचक एरियल, तारेचे वेटोळे, आणि गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर टेकवलेली बारीक तार. (गॅलिनाच्या अशा ग्राहकाचे अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ साली मिळाले होते, हे वर्गात आवर्जून सांगावे.) या संचात ऐकू येणाऱ्या आवाजाची सारी ऊर्जा येई ती हवेतून आलेल्या लहरींतूनच. एवढ्याशा ऊर्जेवर कर्णा वाजणार नाही. म्हणून ती थेट कानाशी नेणे भाग होते. आपल्याकडचा रेडिओ श्रोता जन्मला तो असा, डोक्यावर पोलादी पट्टी आणि दोन्ही कानांवर काळ्या डब्या घेऊन. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये. १९२७ अखेर साऱ्या देशात साडेतीन हजारांच्या आसपास परवाने होते. एवढ्यावर कंपनी तगणे शक्यच नव्हते. ती १९३० साली बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला.

त्या काळ्या डब्यांच्या आत काय होते ते पाहू या. टेलिफोनच्या ऐकण्याच्या भागात असते तेच. चुंबक, त्याच्या टोकांवर बारीक तारेची वेटोळी आणि समोर लोखंडाची पातळ चकती. अमेरिकेत युटा प्रांतातल्या नॅथनिएल बॉल्डविनने १९१० साली याची सुधारलेली, अतिशय संवेदनक्षम आवृत्ती घरच्या स्वयंपाकघरात बनवून नौदलाला पाठवली, आणि नौदलाने ती उचलून धरली. बिनतारी संदेशातली कट्ट-कडकट्ट ऐकायला ती उत्तम होती. गाण्याचे मात्र हाल झाले. लोखंडी चकतीला स्वतःची अशी एक कंप्रता असते, साधारण १००० हर्ट्झच्या आसपास. तेवढ्या भागात ती उत्साहाने थरथरते. त्याच्या खाली आणि वर तिचा उत्साह झपाट्याने मावळतो.

आता कल्याणच्या एखाद्या मैफलीची कल्पना करा. कल्याण गायन समाज ही संस्था १९२०च्या दशकातली, म्हणजे मुंबई केंद्राच्याच वयाची. तिथे गवयाच्या मागे तंबोरा झंकारत असतो. गवयाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३८ हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंप्रता ६९ हर्ट्झ येते. तिच्यातून १३८, २०७, २७६, ३४५ असे पटीतले उपस्वर निघतात. पाचवा उपस्वर, ३४५ हर्ट्झचा, हाच आपला स्वयंभू गंधार. जवारीमुळे ही मालिका पुढे कित्येक हजार हर्ट्झपर्यंत लांबत जाते. जवारी मोठी खट्याळ वस्तू आहे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये, असा आपण शिकवतो तो नियम. तंबोऱ्यात मात्र तो उपस्वरही खणखणीत उमटतो. सी. व्ही. रामन यांनी हे १९२१च्या निबंधात दाखवून दिले.

हाच तंबोरा स्फटिक संचाच्या हेडफोनवर कसा येई? ६९ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ नाहीसा आणि वरची झळाळीही गेलेली. तरीही ऐकणाऱ्याला खर्ज ऐकल्याचा भास होई. कारण २०७, २७६, ३४५ असे समान अंतरावरचे स्वर एकत्र कानी पडले, की श्रवणसंस्था हरवलेला मूळ स्वर आपल्या पदरचा भरून काढते. श्रोता नुसता झेलत नाही, निम्मे गाणे तो स्वतः रचत असतो. आणि जे स्वतः रचावे लागते त्याचा सराव व्हावा लागतो.

पुढे स्फटिक संच गेले, व्हॉल्व्हचे रेडिओ आले, १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले, १९५७ साली विविधभारती आली, ट्रान्झिस्टर आला. गिरगाव-दादरची बिऱ्हाडे डोंबिवलीला आली तीही हा रेडिओ बरोबर घेऊनच. या सगळ्यात एक गोष्ट फारशी बदलली नाही. मध्यम लहरींवर जवळजवळच्या केंद्रांना जागा द्यायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला ध्वनीचा पट्टा अरुंदच येतो. जेमतेम पाच हजार हर्ट्झपर्यंतचा, आणि स्वस्त संचात त्याहूनही कमी. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारांपर्यंत ऐकतो. तरी तीन-चार दशके आपल्या या पट्ट्यात गोड आवाज म्हणजे रेडिओचा आवाज, असेच समीकरण होते.

यावरूनच अमेरिकेत वाद झाला. १९४५ साली चिन आणि आयझेनबर्ग या दोन संशोधकांनी रेडिओ श्रोत्यांना एकच संगीत अरुंद, मध्यम आणि रुंद पट्ट्यांत ऐकवले. बहुतेकांनी रुंद पट्टा नापसंत केला. झाले! लोकांना उच्च प्रतीचा आवाज नकोच आहे, मग त्यावर खर्च कशाला, असे म्हणायला आधार मिळाला. हॅरी ओल्सन यांना हे पटेना. त्यांनी १९४७ साली एक देखणा प्रयोग केला. पडद्याआड खरा वाद्यवृंद बसवला, आणि वादक व श्रोते यांच्यामध्ये असा ध्वनिगाळक उभा केला, की त्याची दारे वळवली तर ५००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी अडावेत आणि उघडली तर सगळे ध्वनी यावेत. मध्ये मायक्रोफोन नाही, कर्णा नाही, वीजही नाही. दोन-तृतीयांशांहून अधिक श्रोत्यांनी उघड्या दारांना कौल दिला. ओल्सन यांचे म्हणणे असे, की लोकांना वरचे स्वर नकोसे नसतात. यंत्रे त्या स्वरांबरोबर जी विकृती मिसळतात ती नकोशी असते.

आमच्या मते या वादातला सर्वांत मोलाचा प्रयोग तिसरा, आणि नेमका तोच फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९५६ साली रॉजर कर्क यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पसंती आधी तपासून घेतली. मग एका गटाला साडेसहा आठवडे अरुंद पट्ट्यातले संगीत ऐकवले, दुसऱ्याला रुंद पट्ट्यातले, आणि पसंती पुन्हा तपासली. ज्यांनी जे ऐकले होते, त्याकडे त्यांची पसंती सरकलेली होती. उणेपुरे दीड महिने! मग विद्यार्थिदशेपासून दहा वर्षे एकच हेडफोन वापरणाऱ्याचे काय होत असेल?

हेडफोनच्या बाबतीत ही सवय रेडिओपेक्षाही खोल जाते, आणि त्याला कारण आहे कानाची रचना. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आहे. अनुनाद-नळीचे नेहमीचे सूत्र लावा: ३४० भागिले ०.१०, उत्तर ३४०० हर्ट्झ. प्रत्यक्ष मोजले तर तीन हजारांच्या आसपास येते. बाहेरची कर्णपाळीही आपल्या वळ्यांनी वरच्या स्वरांना कुठे उठाव देते, कुठे दाबते. प्रत्येकाच्या कानाची घडण निराळी, म्हणून ही नक्षीही निराळी. मेंदू ती जन्मभर वाचत आलेला असतो. हेडफोन कानावर चढवला की ती बिघडते आणि तिच्या जागी हेडफोनची नक्षी येते. एकच हेडफोन दोन मित्रांना दोन तऱ्हांचा लागतो तो यामुळेच. अशा वेळी 'तुझा कान तयार नाही' म्हणून एकाने दुसऱ्याला खिजवू नये.

ही नवी नक्षी मेंदू शिकू शकतो का? नेदरलँड्समध्ये हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली काही प्रौढांच्या कर्णपाळीत साचे बसवून तिचा आकारच बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे त्यांना कळेनासे झाले. साचे घालूनच ते रोजचे व्यवहार करीत राहिले, आणि काही आठवड्यांत ते पुन्हा कळू लागले. खरे आश्चर्य पुढेच आहे. साचे काढले, तेव्हा जुन्या कानांनी त्यांना लगेच पूर्वीसारखे कळू लागले. नवे शिकताना जुने पुसले गेले नव्हते. दुसरी भाषा शिकली म्हणून मातृभाषा विसरत नाही, तसेच हे. प्रयोग दिशाज्ञानाचा होता, गोडीचा नव्हे, हे खरे. तरी जुना हेडफोन कानावर चढवताच घरी आल्यासारखे का वाटते, याचे इतके बोलके उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही. नवा हेडफोन महिनाभर 'चालवला' की 'मोकळा होतो' असे शौकीन म्हणतात. पडद्यात होणारा बदल मोजला तर अगदी किरकोळ भरतो. आमच्या मते मोकळा होतो तो मुख्यतः ऐकणारा.

म्हणून जुना तेवढाच चांगला, असे मात्र नाही. लोखंडी चकतीची जागा पडद्याला चिकटवलेल्या वेटोळ्याने घेतली, ती जर्मनीतल्या बायर कंपनीच्या १९३७च्या डीटी ४८ या हेडफोनपासून. ही सुधारणा मोजून दाखवता येते. १९५८ साली जॉन कॉस यांनी घरी स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन आणला. १९६८ साली झेनहायझरचा पिवळ्या फोमचा, मागून उघडा असा एचडी ४१४ आला आणि एक कोटीच्या घरात खपला. १९७९च्या वॉकमनने हेडफोन खिशात नेला. यांपैकी काही नमुने दशकानुदशके बनत राहिले. कॉसचा १९८४चा पोर्टा प्रो हे ठळक उदाहरण. ते अजून मागितले जातात यात किमतीचा वाटा आहे, वजनाचा आहे, दुरुस्ती होण्याचा आहे, आणि कानात बसलेल्या आवाजाचाही आहे.

घरी प्रिय असलेला हेडफोन लोकलमध्ये मात्र दगा देतो. गाडीची घरघर खालच्या कंप्रतांची असते, आणि खालचा ध्वनी आपल्या वरच्या ध्वनींना झाकतो. वरचा खालच्याला इतका झाकू शकत नाही. वेगेल आणि लेन यांनी १९२४ सालीच हे मोजले होते. उघड्या, फोमच्या हेडफोनमधून ही घरघर सरळ आत येते. डोंबिवलीहून बोरीबंदरापर्यंत, म्हणजे तासाहून अधिक, मग एकच उपाय उरतो, आवाज वाढवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात. आणि दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलला ती पाच तासांवर येते. आठवड्यात सहा दिवस, रोज दोन वेळचा प्रवास असा गुणाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. ज्याला आवडता आवाज जपायचा आहे, त्याने गाडीसाठी बाहेरचा आवाज अडवणारा बंद हेडफोन वेगळा ठेवावा. आधी जातात ते वरच्या कंप्रतांचे स्वर, तंबोऱ्याची झळाळी असते तिथले.

कर्क यांचा प्रयोग शाळेत छोट्या प्रमाणावर करता येतो. दोन हेडफोन मात्र घेऊ नका. डोळे बांधले तरी वजनावरून आणि स्पर्शावरून मुले तो ओळखतात. एकच हेडफोन घ्यावा आणि मोबाइलमधल्या स्वरपट्टीने ४००० हर्ट्झच्या वरचा भाग कमी करून दुसरा 'आवाज' तयार करावा. दोन्हींची पातळी सारखी असली पाहिजे. एखादा डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा म्हणून ध्यानात येत नाही, पण चांगला म्हणून पसंत पडतो; दुकानदारांना हे चांगले माहीत असते. पहिल्या दिवसाची पसंती लिहून घ्यावी, अर्ध्या वर्गाला महिनाभर कमी केलेला आवाज ऐकू द्यावा, आणि मग पुन्हा विचारावे. कोणता आवाज कोणता, हे नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नसावे.