लाकडाची धूळ व सुतारकामातील संरक्षण

लाकडाची धूळ : लाकूड कापताना, रंधताना, भोके पाडताना किंवा घासताना सुटणारे बारीक कण. रंध्याच्या ढलप्या व करवतीचा जाड भुसा लगेच खाली पडतो. आरोग्याला खरा धोका असतो तो घासपेपर, सँडर व ग्राइंडरमुळे उडणाऱ्या पिठासारख्या धुळीचा. सुमारे १०० मायक्रॉनपर्यंतचे कण श्वासावाटे नाकातोंडात शिरतात, १० मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात आणि सुमारे ४ मायक्रॉनचे कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. असे सूक्ष्म कण हवेत बराच वेळ तरंगत राहतात व डोळ्यांना दिसतही नाहीत.

स्थानिक संदर्भ : पुलगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील वर्धा नदीकाठचे रेल्वेगाव आहे. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांमुळे विदर्भातील सुतारकामात सागाचा मान मोठा आहे. त्याखेरीज शिसव, बाभूळ, आंबा, कडुनिंब तसेच प्लायवूड व एमडीएफ यांचाही वापर होतो. पुलगावसारख्या गावांत हे काम बहुधा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ग्राहकाच्या घरीच चालते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पंखा वा कूलर लावावाच लागतो. त्याचा झोत रंध्याच्या बाकावर पडला, तर खाली बसलेली धूळ पुन्हा उडून कामगाराच्या तोंडावर येते. घामाने ओल्या झालेल्या मानेवर, कोपराच्या लवणीत व मनगटाच्या पट्ट्याखाली ती चिकटून राहते आणि त्वचेचा दाह बहुधा तिथूनच सुरू होतो. तान्ह्या पोळ्यासाठी मुलांचे लाकडी बैल घासून रंगवले जातात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. हे घासकाम घरात चालते तेव्हा धूळ लहान मुलांच्याही श्वासात जाते.

लाकडानुसार परिणाम : सागातील लॅपॅकोल व डीऑक्सिलॅपॅकोल आणि शिसवातील डालबर्जिओन या द्रव्यांमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ व खाज उठते. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोडी धूळही पुरते. बिब्ब्याचा चीक अंगावर उततो हे विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. आंबाही त्याच कुळातला असल्याने, बिब्बा सोसत नाही अशा व्यक्तीने आंब्याच्या लाकडाचे काम सावधपणे करावे. प्लायवूड व एमडीएफच्या धुळीत फॉर्माल्डिहाइडयुक्त राळ असते. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट पाजलेले असू शकते, म्हणून ते लाकूड घरगुती फर्निचरासाठी कापू वा घासू नये. जुन्या दारांच्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगातील शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये.

आजार : डोळे चुरचुरणे, सतत शिंका, नाक वाहणे व खोकला ही पहिली लक्षणे होत. पुढे दमा जडू शकतो. कामाच्या दिवशी किंवा संध्याकाळी वाढणारी आणि सुट्टीत उतरणारी धाप ही त्याची ठळक खूण आहे. इंग्लंडमधील हाय विकम भागातील फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळीचा दुर्मिळ कर्करोग जास्त आढळल्याचे १९६० च्या दशकात दिसून आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. हा कर्करोग अनेक वर्षांच्या संपर्कानंतर होतो आणि त्याचा संबंध प्रामुख्याने कठीण लाकडाच्या धुळीशी आहे.

मर्यादा व कायदा : युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा २०२३ पासून हवेच्या दर घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतील नायॉश या संस्थेची शिफारस १ मिलिग्रॅमची आहे. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ ने धूळ उगमाशीच ओढून घेण्याचे बंधन कारखान्यांवर घातले. दोनतीन माणसांची सुतारशेड मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तेथील काळजी मालक व मिस्त्री यांच्यावरच येऊन पडते.

संरक्षण : पहिला उपाय धूळ उडण्याआधीच पकडणे. सँडर व सर्क्युलर सॉ यांच्या धूळनळीला व्हॅक्यूम जोडावा आणि त्याला सूक्ष्म धूळ अडवणारा फिल्टर असावा. कापडी पिशवीतून बारीक कण पुन्हा बाहेर पडतात. व्हॅक्यूम नसेल तर काम उघड्यावर करावे व वारा पाठीकडून बाजूला वाहील असे उभे राहावे. जुना रंग पाणकागदाने ओला घासावा, पण विजेच्या यंत्राजवळ पाणी नेऊ नये. फरशी झाडण्याआधी भुशावर पाणी शिंपडावे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग किंवा कपडे झटकू नयेत.

मास्क हा शेवटचा उपाय आहे. तोंडाला बांधलेला दुपट्टा सूक्ष्म कण अडवत नाही. आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी२ किंवा एन९५ मास्क नाकाच्या हाडावर नीट दाबून बसवावा. दाढीमुळे कडेने फट राहते. डोळ्यांना बंद चष्मा लावावा. काम संपल्यावर हातपाय, मान साबणपाण्याने धुवावी, कपडे वेगळे धुवावेत व शेडमध्ये जेवू नये. यंत्र फिरत असताना सैल हातमोजे घालू नयेत.

बंद जागेत दाटलेली धूळ ठिणगीने भडकते. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी ढिगात आपोआप पेटू शकते, म्हणून ती पाण्यात बुडवून ठेवावी. एमडीएफ वा रंगीत लाकडाचा भुसा चुलीत जाळू नये, गोठ्यातही पसरू नये.

धाप, टिकून राहणारे पुरळ, एकाच नाकपुडीचा अडथळा किंवा नाकातून रक्त येणे यांकडे दुर्लक्ष करू नये. वैद्यकीय तपासणीच्या वेळी आपला व्यवसाय व हाताळलेले लाकूड डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदानाला त्याचाच मोठा आधार मिळतो.