पत्ता आणि ऐवज

दोन अ‍ॅरेंमधले आकडे तंतोतंत सारखे, तरी प्रोग्राम त्यांना समान मानत नाही. नवशिक्याला हा संगणकाचा हट्ट वाटतो. मला त्यात इतिहास दिसतो.

१९६७ साली मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल ही भाषा रचली. तिच्यावरून केन थॉम्प्सन यांची ‘बी’ आली आणि ‘बी’वरून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये ‘सी’ घडवली. ‘बी’मध्ये अ‍ॅरेच्या नावात पहिल्या घराचा पत्ता असे. रिचींनी ही रचना बदलली, पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून अ‍ॅरेचे नाव वापरताच त्याचा पत्ता व्हावा, असा नियम केला. म्हणून ‘सी’च्या ‘इफ’मध्ये ‘==’ लिहिले की पत्ते ताडले जातात, आतला ऐवज नाही. पासवर्ड अशा रीतीने तपासला, तर खरा मालकही दाराबाहेर राहतो.

जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही (दोन्ही १९९५) ‘==’ फक्त ‘तोच अ‍ॅरे का?’ एवढेच पाहते. पायथॉनची यादी मात्र घटक ताडते. इतरत्र घटकागणिक तुलना करावी किंवा तयार फंक्शन वापरावे: ‘सी’त ‘मेमसीएमपी’, जावात ‘अ‍ॅरेज.इक्वल्स’. ‘मेमसीएमपी’ मात्र समान असल्यास शून्य देते, आणि ‘इफ’ला शून्य म्हणजे नकार!

‘समान’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे. अट नंतर लिहावी.