कल्हईवाल्याचं शेवटचं पातेलं

मी सातवीत असताना ऊस गेल्यावर वडिलांनी तालुक्याहून स्टीलचं पातेलं आणलं. तोवर घरात सगळी भांडी तांब्या-पितळेची. कल्हई उडाली की ताक, चिंचेची आमटी कळकायची. तोंडात घेववत नसे. म्हणून वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. वडाखाली खड्डा खणून भाता लावायचा. तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा. मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवला की भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं.

आईचा स्टीलवर विश्वास नव्हता. "लोखंडच ना शेवटी," म्हणाली. एका रात्री तिनं त्यात ताक ठेवलं. सकाळी बोट बुडवून चाखलं आणि गप्पच झाली. ताक जसंच्या तसं होतं.

या पोलादाची कूळकथा मला पुढं वाचायला मिळाली. 1912 साली जर्मनीतल्या एसेन शहरी, क्रुपच्या कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर या दोघांनी ते सिद्ध केलं. नायट्रिक आम्लालाही ते दाद देईना, म्हणून आधी रसायनांच्या कारखान्यांत गेलं; चुलीपाशी नंतर आलं. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये शंभर किलोत साधारण 18 किलो क्रोमियम, 8 किलो निकेल आणि बाकी बहुतेक लोखंडच असतं. क्रोमियम हवेतला प्राणवायू घेऊन वर डोळ्यांना न दिसणारी साय धरतं. घासताना ओरखडा गेला तर ती आपोआप पुन्हा धरते. कल्हईसारखी लावून घ्यावी लागत नाही. निकेलमुळे लोखंडाची आतली ठेवणच बदलते. रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ऑस्टेनाइट म्हणतात. त्या ठेवणीमुळे पत्रा न फाटता खोल ओढता येतो, आणि त्याला चुंबक चिकटत नाही.

आम्ही बाजारात चुंबक घेऊनच जायचो. पण ती परीक्षा अपुरी. महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या भांड्यालाही चुंबक चिकटत नाही, आणि गंजापुढं ते तेवढं टिकत नाही. खारं पाणी साचून राहिलं तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आई लोणचं चिनी मातीच्या बरणीतच घालायची, ते बरोबरच होतं.

पुढं घरोघर पितळ मोडीत घालून स्टील आलं. मी दहावी झालो त्या साली कल्हईवाला आला, तर कुणाकडेच काम नव्हतं. आईनं माळ्यावरचं पितळी पातेलं काढून दिलं.

"आता कशाला गं?" मी विचारलं.

"त्यानं भट्टी पेटवलीय की," ती म्हणाली.

त्यानंतर तो आला नाही. पातेलं माळ्यावर आहे. कल्हई अजून शाबूत आहे, कारण त्यात पुन्हा काही शिजलंच नाही.